बारा रियाल

जुना एसी हॉलच्या खिडकीत बसायचा,
घरातल्या थोरल्यासारखा: खोकत, ठिबकत,
सगळ्यांच्या बोलण्यावर बोलत.
वादी कबीरच्या त्या घरात तो एकटाच.
म्हणून मे सरला की हॉलमध्ये गाद्या पडायच्या,
चौघांच्या, कडेला कड लावून.
रात्री अकराला मी बटण दाबायचो,
पहाटे तीनला उठून बंद करायचो.

रंगाच्या गोदामात स्टोअरकीपर आहे मी.
डबे मोजण्यात एकोणीस वर्षं गेली.
घरीही एक वही आहे. तिच्यात गेल्या वर्षीचा ऑगस्ट:
एकतीस रियाल, चारशे बैसा.

मग तीन नवे आले, हप्त्यांवर,
भिंतीवर उंच, पांढरे, तोंडातून अवाक्षर न काढणारे.
शमसुद्दीनने खिडकीतलं भोक प्लायवूडने बुजवलं,
हात पुसत म्हणाला, "अब आधा बिल आएगा, साहेब."
आधा नाही, पण जूनचं एकोणीस आलं खरं.
मी वृंदाला वही दाखवली.
तिने माझ्या तळहातावर एक खजूर ठेवला, बक्षीस म्हणून.

त्यानंतर एका रात्रीत काही झालं नाही.
"आता परवडतं" एवढे दोन शब्द
पाहुण्यासारखे आले आणि राहिले.
ओजसचं दार बंद झालं, परीक्षेपुरतं.
परीक्षा संपली. दार तसंच.
अबोलीने सव्वीसचे तेवीस केले,
मग कॉलेजातून आल्यावर खोली गार हवी
म्हणून जातानाच सुरू ठेवू लागली.
बाहेर चव्वेचाळीस,
गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं कढत
की बंद गीझरमधलंच आम्ही थंड म्हणून अंगावर घेतो;
आणि आत, भर ऑगस्टात,
माळ्यावरच्या सोलापुरी चादरी खाली आल्या.

बिल: एकतीस रियाल, दोनशे.

शमसुद्दीन आला. जाळ्या धुतल्या, गॅस बघितला,
रिमोट माझ्या हातात ठेवला.
"मशीन तो ठीक है, साहेब."
पुढचं त्याने बोलायचं टाळलं.

गोदामात डबा कमी भरला की शोधतात
तसे मी बारा रियाल शोधत फिरलो.
काही स्वयंपाकघरात सापडले.
वृंदा भाकरी थापत होती. ऑगस्टात!
अठरा उन्हाळे आम्ही बेकरीचे खुबूस खाल्ले,
कारण तव्यापुढे उभं राहणं म्हणजे शिक्षा.
आता हॉलमधला गारवा ओट्यापर्यंत जातो,
आणि तिच्या मानेवर यंदा घामोळं उठलंच नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

बाकीचे सापडले नाहीत.
पूर्वी अंधारात अबोली विचारायची,
"बाबा, झोपलात?"
आणि कुणीच झोपलेलं नसायचं.
ओजस गणिताच्या सरांची नक्कल करायचा,
जुन्या एसीच्या खडखडाटावर आवाज चढवून,
वृंदा उशीत तोंड खुपसून हसायची.
त्याचं वेगळं मीटर नव्हतं.

काल रात्री दोनला थंडीने जाग आली.
मुलांच्या दोन्ही दारांखाली उजेडाची रेघ.
हात उचलला होता, टकटक केली नाही.
परत येऊन आमचा एसी बंद केला, खिडकी उघडली.
समोरचा काळा डोंगर दिवसभराचं ऊन
अजून परत करत होता,
विस्तव काढून घेतलेल्या चुलीसारखा.
दहा मिनिटं बरं वाटलं.

मग चादरीतून वृंदा:
"बंद केलास?"
"हो. बिल…"
"लाव."

लावला. चोवीसवर.
ती झोपली असं वाटल्यावर
तेवीस.